सिनेमा सुटल्यावर

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "तुम्ही काहीतरी लिहाच" असा आग्रह चिटणीसबाईंनी धरला, तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई. माहेरी चार ओळींचे पत्र लिहावयाचे झाले तरी माझी दोनदा खाडाखोड होते. त्यापेक्षा एखादी पाककृती देते." त्यावर त्या म्हणाल्या, "पाककृती सातजणींनी दिल्या आहेत, आणि त्यांतल्या तीन अळूवडीच्याच आहेत. सिनेमा पाहून आल्यावर तुम्ही तास-तास बोलता, तेच कागदावर उतरवा." म्हणून हे धाडस केले आहे. चूकभूल भगिनींनी पोटात घालावी.

सिनेमाचा इतिहास पुष्कळ जाणत्यांनी लिहिलेला आहे. इसाक मुजावर यांच्यासारख्यांनी तर त्यासाठी आयुष्य वेचले. चित्रपट कोणी काढला, कोणी कामे केली, किती आठवडे चालला, हे सारे त्यांत सापडते. परंतु सिनेमा सुटल्यावर घरी परतणाऱ्या बायका एकमेकींशी काय बोलल्या, ते कोठे सापडत नाही. आपल्या आज्या-पणज्या जात्यावर जे म्हणत आल्या ते साने गुरुजींनी गोळा करून 'स्त्रीजीवन' या नावाने छापले, म्हणून ते राहिले. सिनेमाविषयीचे बोलणे मात्र खरकट्या भांड्यांच्या आवाजात विरून गेले. मला जेवढे आठवते, वडीलधाऱ्यांकडून जेवढे ऐकले व वाचनालयातून आणून जेवढे वाचले, तेवढे येथे मांडते.

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ च्या मे महिन्यात मुंबईस गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात लागला. त्यातली तारामती ही बाई नव्हतीच. ग्रँट रोडवरील एका हॉटेलात स्वयंपाकी असलेले अण्णा साळुंके यांनी साडी नेसून ते काम केले, कारण पडद्यावर येण्यास बाई मिळेना. पडद्यामागे मात्र बाई होती. सरस्वतीबाई फाळके यांनी अंगावरचे दागिने काढून दिले, रात्री जागून फिल्मला भोके पाडली, रसायने कालवली, आणि वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही केला. चित्र तयार झाल्यावर "तुम्हांला कसे वाटले?" असे त्यांना कोणी विचारले असेल काय? मला तर वाटते, त्या मिशा काढलेल्या तारामतीचा पदर पाहून बाई मनातल्या मनात हसल्या असतील. पुढे फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर' मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची लेक कमळाबाई या मायलेकींनी कामे केली, आणि बाईचे काम बाईने करावयास सुरुवात झाली.

आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी १९२० साली 'सैरंध्री' काढला, तेव्हा गुलाबबाई व अनसूयाबाई या दोघी त्यांना मिळाल्या. पडद्यासाठी त्यांची नावे कमलादेवी व सुशीलादेवी अशी ठेवण्यात आली. नावे बदलण्याचे कारण आपणां बायकांना कोणी समजावून सांगावयास नको.

मूकपट गेले, बोलपट आले. कोल्हापुरात १९२९ साली सुरू झालेली प्रभात कंपनी १९३३ मध्ये पुण्यास गेली, आणि १९३६ साली तिचा 'संत तुकाराम' निघाला. मुंबईच्या सेंट्रल थिएटरात तो वर्षावर चालला आणि व्हेनिसच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला. थोर लोक त्यातील भक्तीची वाखाणणी करतात आणि ती योग्यच आहे. पण आमच्या घरी हा चित्रपट निघाला की बायका तुकोबांविषयी थोडे आणि जिजाईविषयी फार बोलतात. ते काम गौरी नावाच्या बाईने केले होते. पोर आजारी, घरात दाणा नाही, आणि नवरा अभंग म्हणत बसलेला. तेव्हा ती पायताण घेऊन थेट पांडुरंगाला जाब विचारावयास देवळात जाते. माझ्या चुलत सासूबाई हात जोडून चित्रपट पाहत असत, पण हे आले की हमखास म्हणत, "देव माणूस खरा गं, पन चूल कुनी पेटवायची?" एवढी मोठी टीका इतक्या थोड्या शब्दांत कोणा वर्तमानपत्रवाल्याला जमली असेल असे वाटत नाही.

याच प्रभातने १९३७ साली 'कुंकू' काढला. ह्या चित्रपटाविषयी मला थोडे अधिक सांगावयाचे आहे. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी तो केला. नीरा नावाची तरुण मुलगी, मामाने फसवून तिचे लग्न एका उतारवयाच्या बिजवर वकिलाशी लावून दिलेले. असल्या लग्नावर देवलांचे 'शारदा' नाटक १८९९ सालीच येऊन गेले होते, परंतु ही नीरा त्या शारदेपेक्षा वेगळी. ती जीव द्यावयास धावत नाही. ती त्या घरात राहते आणि त्या माणसाला नवरा मानण्यास साफ नकार देते. शेवटी त्या काकासाहेबांनाच आपली चूक उमगते व ते आपला जीव संपवितात. नीरेचे काम शांताबाई आपटे यांनी केले, काकासाहेब केशवराव दाते झाले, आणि त्यांच्या शिकलेल्या मुलीचे काम शकुंतलाबाई परांजपे यांनी केले. ह्या चित्रपटाला मागून वाजणारे संगीतच नाही. घरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते. दुपारी एकट्या बाईला घर कसे ऐकू येते ते ज्याला ठाऊक, त्यालाच हे सुचावे.

आमच्या गल्लीत नव्वदी ओलांडलेल्या एक आज्जी आहेत. त्यांच्या आईने 'कुंकू' पुण्यास पाहिला होता. त्या आईला स्वतःला चौदाव्या वर्षी बिजवराला दिलेली. नवऱ्यानेच हौसेने सिनेमास नेले. कोणता सिनेमा आहे हे त्यांनाही ठाऊक नसावे. परत येताना टांग्यात दोघेही काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी शेजारणींनी विचारले, "काय हो, सिनेमा कसा होता?" तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "आपटेबाईंचा आवाज फार गोड आहे."

हे आज्जींनी मला हसत सांगितले, पण मला काही हसू आले नाही. त्या बाईला सिनेमाविषयी काहीच वाटले नाही असे कोण म्हणेल? जे वाटले ते म्हणण्यास जागा नव्हती, म्हणून तिने गाण्याचे कौतुक केले. आजही आपण पुष्कळदा "साड्या छान होत्या हो" असे म्हणतो ते कधीकधी ह्यातलेच असते.

शांताबाई आपटे मात्र पडद्याबाहेरही नीराच निघाल्या. कंपनीशी करारावरून बिनसले तेव्हा १९३९ साली त्या प्रभातच्या फाटकाशी उपोषणास बसल्या, आणि पुढच्या वर्षी त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' असे पुस्तकच लिहिले.

खेड्यापाड्यांतल्या बायकांना थिएटर कोठले! त्यांचा सिनेमा तंबूत. चुलत सासूबाईंचे माहेर राधानगरीकडचे. जत्रेला तंबू यावयाचा, मध्ये कनात बांधलेली, अलीकडे बायका व पलीकडे पुरुष. बसावयास आपापली पोती घरून न्यावयाची. आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' १९५३ साली निघाला. चित्रपटांना राष्ट्रपतींचे सुवर्णपदक देण्यास १९५४ मध्ये सुरुवात झाली, तेव्हा पहिले पदक त्यालाच मिळाले. सासूबाईंनी तो अर्थातच नंतर, तंबूत पाहिला. परतताना बैलगाडीत साऱ्यांचे डोळे सुजलेले, कोणी बोलेना. मग एकजण नाक पुसत म्हणाली, "आमच्या श्याम्याला दावाय पायजे ह्यो शिनेमा. मेला विडी वढाय लागलाय." गाडी हसून हसून कोलमडली म्हणे. आईचे थोरपण सर्वांना पटले होते, पण आपल्या घरचा श्याम कसा आहे हे त्या विसरल्या नव्हत्या.

तमाशाच्या चित्रपटांविषयी फार लिहीत नाही, कारण चांगल्या घरच्या बायकांनी ते पाहावयाचे नाहीत असा दंडक होता व पुष्कळींनी तो पाळला. 'सांगत्ये ऐका' हा चित्रपट १९५९ चा. पुण्याच्या विजयानंद थिएटरात तो १३१ आठवडे चालला. त्यात काम केलेल्या हंसाबाई वाडकर यांनी पुढे आपली जीवनकथा सांगितली, तिचेही नाव 'सांगत्ये ऐका' असेच आहे. ते पुस्तक मी वाचनालयातून आणले, दोन रात्रींत संपविले आणि घरात कोणाच्या हाती न पडेल अशा ठिकाणी ठेवले. परत करताना ग्रंथपालांनी "कसे वाटले?" म्हणून विचारले. मी म्हटले, "अक्षर बारीक आहे." पाहा, मीदेखील तीच.

'जय संतोषी माँ' १९७५ साली आला. तेव्हा माझा जन्मही नव्हता, पण आई सांगते की बायका थिएटरच्या दाराशी चपला काढून आत जात आणि पडद्यावर देवी आली की फुले व पैसे टाकीत. फाळक्यांच्या 'लंकादहन' च्या वेळी, १९१७ साली, पडद्यावर प्रभू रामचंद्र आले की लोक पादत्राणे काढीत, असे मी नंतर वाचले. म्हणजे अठ्ठावन्न वर्षांत आपण तेथेच होतो म्हणावयाचे. आईने सोळा शुक्रवार केले. आंबट वर्ज्य म्हणून आमच्या घरी आमटीत चिंचसुद्धा पडत नसे, आणि वडिलांचा त्या देवीवर त्यामुळे फार राग. आईचे मत विचाराल तर म्हणे, "सिनेमा बरा होता, पण जावांनी तिला छळले तेवढे आमच्या जावांनी नाही छळले." आपल्या घराचा ताळा सिनेमाशी घालून पाहणे हीच बायकांची समीक्षा.

दूरदर्शनचे मुंबई केंद्र १९७२ साली सुरू झाले, पण आमच्या वाड्यात पेटी आली ती माझ्या लहानपणी, आणि ती एकाच घरी. रविवारी संध्याकाळी सारा वाडा तेथे. सिनेमाच्या मध्येच बोलण्याची सवय आपल्याला तेव्हाच लागली असावी. थिएटरात "श्शू" म्हणणारे असतात, तेथे नव्हते. जब्बार पटेल यांचा 'उंबरठा', १९८२ चा, मी अशीच जमिनीवर बसून पाहिला. स्मिता पाटील त्यात महिलाश्रमाची नोकरी धरण्यासाठी घर सोडून जाते. ती परत येते तेव्हा नवऱ्याने दुसरीशी संबंध जोडलेला असतो, आणि ती पुन्हा बाहेर पडते. सिनेमा संपल्यावर वाड्यात केवढे वादंग! एक काकू म्हणाल्या, "पोटची पोर टाकून जाते म्हणजे काय?" दुसऱ्या म्हणाल्या, "आणि त्याने केले ते?" पहिल्या म्हणाल्या, "पुरुषाचे वेगळे." आठ दिवस त्या दोघी नळावर एकमेकींशी बोलत नव्हत्या. सिनेमावरून अबोला धरावा हे हास्यास्पद आहे खरे. परंतु तो अबोला सिनेमावरून नव्हता हे मला आता समजते.

आता जे लिहावयाचे आहे ते लिहू की नको असे चार दिवस चालले होते. लिहिते.

विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' १९९१ साली लागला. राजस्थानी भाषेत आधी निघालेल्या चित्रपटावरून तो केलेला होता. आपल्यापैकी ज्यांनी तो पाहिला नाही अशी एकही भगिनी नसेल. मी तेव्हा अकरा वर्षांची. आई, दोन मावश्या, आत्या आणि मी असा लवाजमा थिएटरात गेला. अलका कुबल यांची ती लक्ष्मी. जन्मतःच आई गेली म्हणून बापाने अपशकुनी ठरविलेली, आणि सासरी उषा नाडकर्णी यांच्यासारखी सासू. बापाची साडी येते ती अगदी उशिरा. सारे थिएटर हुंदके देत होते. आईने तर पदराचा बोळा तोंडात घातला होता.

बाहेर आल्यावर मी आईला विचारले, "ती लक्ष्मी घर सोडून का नाही आली?" आईने रस्त्यातच मला चिमटा काढला. म्हणाली, "सोसावं लागतंय बाईच्या जातीला. शिक जरा." मावशी म्हणाली, "पोरीला फार बोलाय येतंय." त्यानंतर दोन वर्षांनी, सातवी झाल्यावर, माझी शाळा थांबली. तेव्हा मी काही बोलले नाही. लग्न १९९९ साली झाले. पुढे दोन वर्षांनी सासरी काही बोलाचाली होऊन मी धाकट्या लेकीला कडेवर घेऊन माहेरी गेले. आईने तीन दिवस ठेवून घेतले, चौथ्या दिवशी साडी नेसवली, ओटी भरली आणि एसटीत बसवून दिले. त्या दिवसांविषयी आज माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. पुढे दिवस पालटले, घरची माणसेही निवळली. पण ती साडी मी कधी अंगाला लावली नाही, हे खरे आहे.

ह्या गोष्टीला पुष्कळ वर्षे लोटली. मग २०२३ च्या जून महिन्याअखेर केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' आला, आणि गावोगावच्या बायका नऊवारी नेसून, नथ घालून, काळे गॉगल लावून टोळ्यांनी थिएटरात जाऊ लागल्या. आपणही जुलैत गेलो. फोटो काढण्यातच पहिली दहा मिनिटे गेली हे सर्वांना आठवत असेल. एकमेकींशी न पटणाऱ्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात, एवढीच गोष्ट. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने इत्यादींनी कामे झकास केली. बाहेर पायऱ्यांवर आपण पाऊण तास उभ्या होतो. कोणाला स्वतःची बहीण आठवली, कोणी तेथूनच बहिणीला फोन लावला. आमच्या धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "झिम्मा-फुगड्या खेळून सगळ्यांचे प्रश्न सुटले, आमचा नळाचा प्रश्न तेवढा राहिला." मला स्वतःला सिनेमा आवडला, पण शेवट फार लवकर गोड झाला असे वाटले, आणि ते मी तेथे मोठ्याने म्हणाले. कोणी चिमटा काढला नाही.

त्याच रात्री लेकीची एक कोरी वही घेतली व ज्या-ज्या काय म्हणाल्या ते लिहून ठेवले. तेव्हापासून प्रत्येक सिनेमानंतर लिहिते. त्या वहीतले एकच पान सांगते. परेश मोकाशी यांचा 'नाच गं घुमा' २०२४ च्या मे महिन्यात आपण पाहिला. मुक्ता बर्वे घरधनीण आणि नम्रता संभेराव कामवाली. कामाला बाई नसली की घर कसे उलटेपालटे होते ते पाहून आपण पोट धरून हसलो. आपल्या मंडळात चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एक भगिनी आहेत, त्याही हसल्या. बाहेर आल्यावर प्रत्येकजण आपापल्या बाईच्या दांड्यांचे किस्से सांगू लागली. तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "सिनेमा चांगला हाय. फक्त आमच्या घरी कामाला कोन येतंय ते दाखवाय पायजे हुतं." जरा वेळ सगळ्या गप्प झाल्या. पुढच्या महिन्यात तीन घरांनी त्यांना महिन्याच्या दोन भरपगारी सुट्ट्या ठरवून दिल्या. चौथे घर कोणाचे ते येथे लिहीत नाही. त्यांनीही ही स्मरणिका वाचावयाची आहे.

गेल्या दिवाळीत आई माझ्याकडे चार दिवस राहावयास आली होती. आता तिला नीटसे दिसत नाही, पण टीव्हीसमोर बसून ऐकते. दुपारी कोठल्याशा वाहिनीवर 'माहेरची साडी' लागला होता. मी शेजारी बसून करंज्यांचे सारण नीट करीत होते. मला वाटले, आता रडेल. रडली नाही. शेवट जवळ आला तेव्हा माझ्याकडे न पाहता म्हणाली, "त्या पोरीला आधीच घरी आणाय पायजे हुतं गं."

मी म्हटले, "बापानं?"

"बापानं न्हाई तर आईनं," ती म्हणाली.

लक्ष्मीला तर आईच नव्हती. मी काही बोलले नाही. सारणात वेलदोडा घालावयाचा राहिला होता तो घातला आणि तिला चव पाहावयास दिली. तिने साखर कमी आहे असे सांगितले.

रात्री ते वाक्य वहीत लिहिले व खाली तारीख टाकली.

पुढचा सिनेमा कोणता पाहावयाचा ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी ठरवावयाचे आहे. तिकिटांचे पैसे आधी जमा करावेत, गेल्या वेळी चिटणीसबाईंना पदरचे भरावे लागले. वही मी घेऊन येईन.